ढुमणे साहेबांचा पूल

ढुमणे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली बस्कर टाकून बसले होते. लेखापरीक्षणाच्या नोकरीतला तो माझा पहिला दौरा. साहेब साइटवर आहेत, तुम्ही तिकडेच जा, असं मला सांगण्यात आलं होतं. साइट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जीप, छत्री धरलेला शिपाई आणि नकाशे पसरलेलं टेबल असं काहीबाही होतं. प्रत्यक्षात होता एक किडकिडीत माणूस, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, शेजारी फिरकीचा तांब्या आणि कापडी पिशवी. मी त्यांना पत्ता विचारणार होते, इतके ते आमच्या ऑफिसातले वाटत नव्हते.

"या मॅडम, बसा," ते म्हणाले आणि बस्कराचा अर्धा भाग मोकळा केला. "रस्ता पाहून राह्यलो."

समोर नवाकोरा डांबरी रस्ता होता. त्यावर एक शेळी बसली होती.

"रस्त्यात काय पाहायचं सर?"

"कोन जाते ते."

कोणीच जात नव्हतं. एक सायकलवाला आला, तोही अर्ध्यातून शेतात वळला. शेवटी शेळीसुद्धा कंटाळून उठली. मी आंजी गावची, शेतकऱ्याच्या घरातली. उन्हात बसायची मला सवय होती, पण पगार घेऊन उन्हात बसायची नव्हती. संध्याकाळी बस्कर झटकत साहेब म्हणाले, "बिलं बरोबर हायत, डांबर बरोबर हाय, रुंदी बरोबर हाय. पन मॅडम, हा रस्ता कोनाच्या कामाचा हाय?"

पुढे कळलं की त्या रस्त्याच्या टोकाला कुणाची तरी विकायला काढलेली प्लॉटांची जागा होती आणि दुसरं काही नव्हतं.

'कोणाच्या कामाचा' हा त्यांचा एकच प्रश्न. आमच्या धंद्यात दोन प्रकार असतात. पैसा नियमाने खर्च झाला का, हा एक. पैशाचं मोल मिळालं का, हा दुसरा. पहिला खुर्चीत बसून करता येतो, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. दुसऱ्यासाठी उठून जावं लागतं. ढुमणे साहेब उठून जात. नवा रस्ता असेल तर त्याच्या कडेला बसत. बसथांबा असेल तर तिथे बसची वाट पाहत. पादचारी पूल असेल तर गुडघे दुखत असतानाही चढून उतरत. "वापरून पाह्यल्याबिगर कसं समजन?" असं त्यांचं म्हणणं. बाई भांडं घेताना वाजवून पाहते, मग सरकारनं घेतलेलं कोणी वाजवायचं, हेही त्यांचंच.

ज्या ऑफिसची तपासणी, त्या ऑफिसचं पाणीसुद्धा ते घेत नसत. आमची पार्टी, म्हणजे तपासणीची तुकडी, कुठेही गेली की समोसे, जिलेबी, कोल्ड्रिंक यांची फौज समोर उभी राही. साहेब फिरकी उघडून आपलं पाणी पीत आणि समोशाकडे असं बघत की समोशालाच लाज वाटावी. आम्ही बाकीचे मग त्यांच्या देखत कसे खाणार? त्या नोकरीत मी किती गरम समोसे थंड होताना पाहिले याचा हिशेब कोणी मागू नये. खात्याची जीप आली की ते हात जोडत आणि आम्हाला घेऊन एसटी पकडत. "जीपमदून रस्ता चांगलाच दिसते," म्हणत. खरं होतं ते. पण मे महिन्यात उभ्याने समुद्रपूरपर्यंत जाताना खरं बोलणाऱ्या माणसाचा फार राग येतो.

एका तालुक्याच्या गावी नवं बसस्थानक झालं होतं. तिथली गोष्ट मी अजून सांगते. फरशी चकचकीत, पंखे फिरणारे, गाड्यांची नावं सांगणारा भोंगा. तिथले अभियंते आम्हाला घर दाखवल्यासारखं सगळं दाखवत होते. साहेबांनी ऐकून घेतलं आणि प्रवाशांच्या बाकावर जाऊन बसले ते बसलेच. दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. चेहरा लाल झालेला.

"मॅडम, रागावू नका. इचारू नाई, पन इचारतो. तुमाले... बायकाइच्या खोलीकडं जाच लागते का?"

मला खरंच जायचं होतं. कधीपासून. मी गेले, तर दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे? स्टँडच्या साहेबांकडे. ते कुठे? मीटिंगला. कधी येतील? ते सांगता येत नाही. शेवटी मी रस्ता ओलांडून समोरच्या एका घरात गेले. दारातल्या म्हातारीनं मला काही विचारलंसुद्धा नाही, नुसतं मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. म्हणजे त्या स्टँडवरच्या सगळ्याच बायका तिच्याकडे येत असणार.

साहेबांनी ते सगळं अहवालात जसंच्या तसं घातलं, म्हातारीसुद्धा. अभियंते वैतागले. "सर, खर्च तर नियमानुसार झाला आहे," ते म्हणाले. "झाला नं," साहेब शांतपणे म्हणाले, "पैसा आत गेला. बाई बायरच राह्यली."

त्यानंतर ती किल्ली बाहेर खिळ्यावर आली, आणि पुढे कुलूपही गेलं. तिथून जाणाऱ्या बायकांना ढुमणे नावाचा कोणी माणूस होता हे माहीत असण्याचं कारण नाही.

माहीत होतं ते इतरांना, आणि त्याची किंमत साहेब वर्ध्यातल्या आपल्या कॉलनीत मोजत होते. ती कॉलनी म्हणजे सगळे मास्तर, कारकून, ओव्हरसिअर, कुठल्या ना कुठल्या ऑफिसात चिकटलेले. प्रत्येकाच्या घरात एक तरी फाइल अशी, की जिच्यावर ढुमण्यांची नजर पडू नये. कोणी त्यांच्याशी भांडलं नाही. लग्नाच्या पत्रिका येत, हळदीकुंकवाचं बोलावणंही त्यांची बायको होती तोवर येई. पण पंगतीत त्यांच्या शेजारचं पान शेवटी भरे. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. घरी गेल्यावर बोलायला एक रेडिओ तेवढा होता.

एकदा शेजारच्या एका अभियंत्याने घराची वास्तुशांत केली. साहेब नारळ घेऊन गेले. यजमानाने त्यांना खोलीखोलीतून फिरवलं आणि प्रत्येक खोलीत कोणी विचारलेलं नसताना सांगत सुटला, ही फरशी सासऱ्यांनी दिली, हा दरवाजा जुन्या घरचा आहे, वरच्या मजल्याला बँकेचं कर्ज काढलं बरं का साहेब. दुसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "मी त्याले काईच इचारलं नोतं मॅडम. मी तं जेवाले गेलतो." आणि ते हसले. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली. ती त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच एक फाइल उघडली.

त्यांना हक्काचं घर एकच होतं, बहिणीचं. समुद्रपूरच्याही पुढे निंबधरा म्हणून एक लहानसं गाव आहे, तिथे त्यांची थोरली बहीण वेणूबाई. आई लहानपणीच वारल्यावर हिनेच त्यांना वाढवलेलं. साहेब तिला नुसतं 'बाई' म्हणत. गावाच्या अलीकडे एक नाला. एरवी गुडघाभर, पावसाळ्यात मात्र दोन-दोन दिवस कोणाला पलीकडे जाऊ न देणारा. भाऊबीजेला साहेब चपला हातात घेऊन, पँट वर करून तो ओलांडत. एकदा जवळच्या दौऱ्यावर असताना रविवार आला, तेव्हा ते मलाही घेऊन गेले होते.

त्या घरात मी वेगळेच ढुमणे साहेब पाहिले. मोठ्याने बोलणारे, दुसऱ्यांदा भात मागणारे. बहिणीने गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घालून शिजवलेला भात, केला होता. वरून कढत तेल घालत ती त्यांना रागावत होती. "मधू, ताटात टाकू नको. तिकडं लोकाइच्या चुका काढतं, अन इथं पोळी सोडून राह्यला का?" साहेबांनी मुकाट्याने पोळी संपवली. मला म्हणाली, "हा लहानपणापासूनच असा हाय बाई. मी बाजारातून वांगे आणले का प्रत्येक वांगं फिरवून पाहे. एक किडकं निंगालं का मलेच वापस पाठवे." साहेब हसत होते. त्या माणसाला खळी पडते हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

मग त्याच नाल्यावर पूल झाला.

म्हणजे पूलच तेवढा झाला. पूल एका मंजुरीत होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी रस्त्याशी जोडणारे जोडरस्ते दुसऱ्या मंजुरीत. पुलाचं काम घेणाऱ्याने पूल बांधला, पैसे घेतले आणि गेला. जोडरस्त्याची जागाच ताब्यात आलेली नव्हती. त्यामुळे नाल्याच्या मधोमध एक भक्कम पूल उभा, आणि दोन्ही टोकं जमिनीपासून पुरुषभर उंच. गावकऱ्यांनी दोन्हीकडे बांबूच्या शिड्या लावल्या. धट्टेकट्टे लोक शिडीने चढत, पुलावरून चालत आणि शिडीने उतरत. म्हातारी, आजारी, पोटुशी माणसं पूर्वीसारखी नाल्यातून. बायका कठड्यावर गोधड्या वाळत घालत.

आमच्या पार्टीला नेमकं ते काम तपासायला आलं. साहेब वरिष्ठांकडे गेले आणि म्हणाले, माझी बहीण तिथं राहते, मला काढा. वरिष्ठ म्हणाले, "ढुमणे, या जिल्ह्यात कोणाचं कोण नाही? तुम्ही गेलात तरच काही नीट लिहून येईल." ते खरं होतं, आणि साहेबांना नाही म्हणता आलं नाही.

आम्ही गेलो. साहेबांनी अलीकडच्या काठावर बस्कर टाकलं. लोक शिडीवर चढताना, उतरताना पाहत बसले. पलीकडे, गावात, ते गेलेच नाहीत. दुपारी पलीकडच्या काठावर वेणूबाई आली. हातात पितळेचा डबा. गावात कोणीतरी सांगितलं असणार, तुझा भाऊ आला म्हणून. शिडी तिला जमणारी नव्हती. लुगडं सावरत ती नाल्यात उतरली आणि पाण्यातून चालत आली.

"काऊन रे मधू, घरी नाई आला?"

"आज ड्यूटीवर हाय बाई."

"मंग ड्यूटीवरचे जेवत नाई का? गोळाभात आनला तुह्यासाठी."

साहेब उभे राहिले. त्यांच्या हातात फिरकीचा तांब्या होता, तो त्यांनी उगाच या हातातून त्या हातात घेतला. "आज नाई बाई. या कामाचं लिवाचं हाय मले. इथलं पानीबी घेता येत नाई. रविवारी येतो नं."

"मी काय ठेकेदार हाय?" ती म्हणाली.

डबा घेऊन ती आली तशी पाण्यातून परत गेली. मी साहेबांवर मनातून भयंकर चिडले होते. इतका कसला तो सोवळेपणा! एका डब्याने कोणता अहवाल बाटणार होता? पण ते पलीकडे पाहत होते, ती चढण चढून दिसेनाशी होईपर्यंत, आणि त्यांनी त्या दिवशी आपला डबाही उघडला नाही.

अहवालाचा मसुदा मी केला. पूल वापरात नसल्याने झालेला खर्च निष्फळ, असं लिहिलं. तेवढं बरोबरच होतं. शेवटी मी माझ्या मनाने एक वाक्य घातलं: जोडरस्त्यांचं काम तातडीने पूर्ण करून पूल वापरात आणावा. अशा शिफारशी आम्ही करत असू. बसस्थानकाच्या अहवालातही केली होती. साहेबांनी मसुदा वाचला, पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं.

"सर, हेच तर महत्त्वाचं आहे."

"माह्या बहिणीच्या गावचा रस्ता हाय मॅडम. तो करा, असं माह्या हातानं जाऊ नाई. उद्या कोनी म्हनन, ढुमन्यानं घरचं काम करून घेतलं. आपन चूक दाखवली. रस्ता तं ते करतीनच. पूल काय असाच ठेवतीन?"

मी वाद घातला. साहेब ऐकेनात. एवढ्या वर्षांत त्यांच्या नावावर कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या नावाखेरीज त्यांच्याजवळ दुसरं होतं तरी काय?

आक्षेप वर गेला, गाजला, आणि यथावकाश त्या ऑफिसचं उत्तर आलं. आक्षेप मान्य आहे, यापुढे सदर कामावर कोणताही खर्च केला जाणार नाही. आमच्याकडे वरच्यांनी ते उत्तर स्वीकारलं आणि आक्षेप निकाली काढला. आमच्या खात्यात एखादा आक्षेप मान्य होऊन मिटला की पेढे वाटत नाहीत, पण बरं वाटतं. मी ते उत्तर साहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे रस्ता नाई करत?"

"नाही करत."

ते उठून वरिष्ठांकडे गेले. मी दाराशीच होते, त्यामुळे ऐकलं. "साहेब, आपण खर्च वाया गेला म्हटलं. काम थांबवा असं कुठं म्हटलं?" वरिष्ठ कागदावरून नजर न काढता म्हणाले, "आणि करा असंही कुठं म्हटलं, ढुमणे?"

ते बाहेर आले आणि आपल्या खुर्चीवर बसले. संध्याकाळी सगळे गेले तरी बसलेले होते. मी "चलायचं का सर?" म्हटलं, तर त्यांनी नुसतं "हो" म्हटलं आणि उठले नाहीत.

त्या पावसाळ्यात निंबधरा नेहमीसारखंच तुटलं, पण आता गावाला त्याचं कारण मिळालं होतं. ऑडिटनं काम बंद पाडलं. कोणत्या ऑडिटनं? वेणूबाईच्या भावानं. विहिरीवर, चक्कीवर, जिथे जाईल तिथे तिला ते ऐकावं लागलं. भाऊबीजेला साहेब गेले. तिने पाट मांडला, ओवाळलं, जेवायला वाढलं. मग विचारलं. हे साहेबांनी मला पुढे कधीतरी एसटीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं.

"दुसऱ्याइचं गाव असतं तं रस्ता करा असं लिवलं असतं नं रे मधू?"

"हो," साहेब म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मंग माह्याच गावानं काय केलतं?"

पुढच्या वर्षी तिचा निरोप आला, यंदा येऊ नको, मला बरं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही बरं नव्हतं. एका हक्काच्या घराचं दार असं आवाज न करता लागलं.

साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात सगळ्यांनी त्यांच्या सचोटीवर भाषणं केली. ज्यांनी जन्मभर त्यांच्या शेजारी जेवायचं टाळलं, तेही बोलले. शाल, नारळ, फोटो. साहेबांनी उत्तरादाखल दोन वाक्यं बोलावीत म्हणून माइक दिला तर म्हणाले, "मी नियमानं वागलो. नियमानं वागून सगळं बरोबरच होते असं नाई." लोकांना वाटलं विनय आहे. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून ते जोडरस्त्याच्या मागे लागले. एक साधा नागरिक म्हणून. अर्ज घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. ज्या ऑफिसांत त्यांना पाहून खुर्च्या सरकत, तिथे आता कोणी बसा म्हणेना. एके ठिकाणी एका कारकुनाने त्यांना समजावून सांगितलं, "काका, त्या कामावर ऑडिटचा आक्षेप आहे. खर्च टाकता येत नाही." आणि कपाटातून काढून त्यांचाच अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. साहेब मला फोनवर म्हणाले, "माहंच मले दाखवून राह्यले मॅडम." मला हसू आलं. ते हसले नाहीत.

मधल्या काळात वेणूबाईचे गुडघे गेले. मुलाची नोकरी पुलगावला होती. तो तिला तिकडे घेऊन गेला. निंबधऱ्याच्या घराला कुलूप लागलं. तिला मुलाने आणि दोघा गड्यांनी खाटेवरून नाल्यातून अलीकडे आणलं, डोक्यावर तो न जोडलेला पूल. हे ऐकल्यावर साहेब पुलगावला गेले. बोलावणं नसताना.

ती ओळखेल की नाही, घरात घेईल की नाही, अशी त्यांना धास्ती होती. तिने घेतलं. म्हाताऱ्या माणसांचा राग दमतो, की माणूसच दमतं, कोण जाणे. स्टेशन जवळ असल्यामुळे गाड्या जाताना ऐकू येत. मग ती म्हणाली, "इथं करमत नाई रे मधू. माह्या घराचं आंगन दिसत नाई."

"रस्ता होईन बाई. मी मागं लागलो."

"झाला का मले न्याले येजो. नाल्यातून नाई येत मी आता, खाटल्यावर तं नाईच. मस्त बसमंदी बसून, खिडकीजवळ बसून जाऊ. येशीन नं?"

"येतो," साहेब म्हणाले.

माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी आयुष्यात कोणाला दिलेलं हे एकच वचन. अहवालात वचनं नसतात.

वचनाची बातमी मात्र त्यांनी मला फार आनंदाने सांगितली होती. नंतर ते दर काही दिवसांनी पुलगावला जात आणि अर्ज कुठवर आला ते बहिणीला सांगत, आणि ती ऐकून घेई. मग एका उन्हाळ्यात ती वारली, पुलगावलाच. मी भेटायला गेले तेव्हा साहेब ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. मी टेकायच्या आतच म्हणाले, "फाइल वर गेली हाय, मॅडम." जणू मी त्यासाठीच आले होते.

जोडरस्ता झाला. कसा झाला ते मला सांगता येणार नाही. अशी कामं होतात तेव्हा कोणामुळे झाली ते कळत नाही, नाही झाली तरच कळतं. कुठली योजना आली, कोणी नवा साहेब आला, जुना आक्षेप कोणाला आठवला नाही. दोन्ही बाजूंनी भराव पडला, डांबर झालं, शिड्या गेल्या. निंबधऱ्याला समुद्रपूरहून बस सुरू झाली. उद्घाटनाला साहेबांना कोणी बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर ते नारळ घेऊन गेले असते आणि कोणाच्या शेजारी बसायचं असा प्रश्न पडला असता.

यंदाच्या दिवाळीनंतर मी एका नातेवाइकांकडून परतत होते. समुद्रपूरच्या स्टँडवर निंबधऱ्याची बस उभी होती, आणि आत कंडक्टरच्या मागच्या दुसऱ्या बाकावर ढुमणे साहेब. तोच अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मांडीवर पिशवी. खूपच वाळले होते. माझी वर्ध्याची गाडी सोडून मी त्या बसमध्ये का चढले ते मला सांगता येत नाही. मागच्या दाराने चढले आणि त्यांच्या मागच्या बाकावर बसले. हाक मारणार होते, पण ते इतके सावरून बसले होते की राहू दिलं.

बसमध्ये मोजकीच माणसं. पुढे बसलेला एक शेतकरी कंडक्टरला विचारत होता, "ही फेरी बंद करून राह्यले म्हंते?" कंडक्टर म्हणाला, "माणसंच नाईत तं काय करतीन भाऊ. दोन-चार दिसतात, तेबी अर्ध्या तिकिटाचे. वरून कागद पाह्यतात नं. उत्पन्न नाई, गाडी नाई." साहेबांचं लक्ष तिकडे होतं. ते सगळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजत होतं. जन्मभर तोच कागद ते दुसऱ्यांना दाखवत आले होते.

ते कडेच्या जागेवर बसले होते. खिडकीजवळची जागा मोकळी होती. टोपलं घेऊन चढलेली एक बाई तिथे थबकली. "इथं कोनी हाय का बाबा?"

"हो," साहेब म्हणाले, "हाय."

ती पुढे गेली. कंडक्टर आला. तो त्यांना ओळखत असावा, कारण त्याने विचारण्याआधीच साहेबांनी पैसे पुढे केले.

"निंबधरा. दोन फुल."

"साहेब, तुमचं तं अर्ध हाय. कार्ड दाखवा नं."

"कार्ड घरी राह्यलं."

"दर खेपेले कसं घरी राह्यते?" कंडक्टर हसला. मग खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहत म्हणाला, "अन दुसरं कोनाचं?"

साहेबांनी नुसता हात पुढे धरून ठेवला. कंडक्टरने थोडा वेळ पाहिलं आणि दोन तिकिटं फाडून दिली. ढुमणे साहेबांनी, ज्यांनी उभ्या नोकरीत कोणाला नसलेला एक माणूस कागदावर दाखवू दिला नाही, ती दोन्ही तिकिटं नीट घडी करून खिशात ठेवली.

बस निघाली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते. आपण आता उतरावं, हे आपण पाहायचं नाही, असं मला सारखं वाटत होतं, पण मध्ये थांबा नव्हता. नाला जवळ आला तशी चढण लागली, गाडीने गिअर बदलला, आणि नवीन भरावावरून आम्ही पुलावर चढलो. खाली पाणी होतं, थोडंसंच. साहेब खिडकीजवळच्या त्या जागेकडे किंचित झुकले आणि झोपलेल्या माणसाला जागं करावं इतक्या हळू म्हणाले, "बाई, पूल आला."